एकोणीस बरण्या

गारा पडायला लागल्या तेव्हा मी जंतू मोजत होते. माझी नोकरीच ती आहे. दुधाचे, पाण्याचे, मलईचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात, ते काचेच्या चपट्या बशीत पसरायचे, दोन दिवस उबेत ठेवायचे आणि वर आलेले ठिपके एकेक करून मोजायचे. एक ठिपका म्हणजे जंतूंची एक वसाहत. एकतीस वर्षं हेच करते आहे आणि मोजता मोजता आकडा हरवला असं कधी झालं नाही. त्या शुक्रवारी दुपारी मी एकशे चौदावर होते आणि तावदानावर कोणीतरी मूठभर खडे फेकल्यासारखा आवाज झाला. सगळे खिडकीशी धावले. टायपिस्ट बाई हात बाहेर काढून गार झेलत होत्या, शिपाई फोनवर चित्रीकरण करत होता आणि आमचे साहेब, जे निवृत्तीला दीड वर्ष उरल्यापासून फार प्रेमळ झाले आहेत, ते म्हणत होते, “लहानपणी आम्ही खायचो हो, साखर लावून.” मी जागची हलले नाही. एकशे चौदा, एकशे चौदा असं तोंडातल्या तोंडात घोळवत बसले, आणि मग लक्षात आलं की मी ठिपक्यांकडे बघतच नाही आहे. माझ्या डोळ्यांपुढे गच्ची होती. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या पिंपांत वाढवलेली टोमॅटोची चाळीस रोपं होती आणि त्यांच्यावर, साडेतीन महिन्यांनंतर, याच आठवड्यात लाली चढली होती. मी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. ते घाबरले. “घरी कोणाचं काही?” “टोमॅटो,” मी म्हणाले. मी पाठ वळवल्यावर टायपिस्ट बाईंना त्यांनी काहीतरी विचारलेलं मला ऐकू आलं.

बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. रस्त्यावर गारांचा चुरा, त्यावर झाडांची पानं, वाहनं घसरताहेत, आणि माझ्या शेजारची मुलगी कोणाला तरी सांगत होती की काय मस्त हवा आहे. काय मस्त हवा आहे! मला तिचा फोन खिडकीबाहेर टाकावासा वाटला. या हंगामात मी काय काय सोसलं होतं ते तिला कुठे ठाऊक? रोपं वीतभर असताना मावा आला, तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढला, एकेक पान उलटं करून, बोटाने. मग पांढरी माशी. रोपाला नुसता धक्का लागला की पीठ उडाल्यासारखी उडायची आणि पुन्हा तिथेच येऊन बसायची, चिवट पाहुण्यासारखी. तिच्यासाठी पिवळ्या कागदांना तेल फासून काठ्यांवर टांगले, तर त्यांना माझेच केस चिकटले. मग मध्येच थंडीत आठ दिवस असा उकाडा झाला की फुलं गळून पिंपांभोवती सडा पडला. आणि शेवटी फळ पोखरणारी अळी. ती बाहेरून दिसत नाही. टोमॅटो गोरागोमटा, मागच्या बाजूला देठाशी एक भोक, आत सगळा चिखल. रोज पहाटे नोकरीला जायच्या आधी मी आणि नवरा चिमट्याने अळ्या वेचत होतो. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचे चिमटे बारीक आणि हात स्थिर, त्यामुळे तो माझ्या दुप्पट अळ्या धरायचा आणि वर मला ऐकवायचा, “तू नुसती मोजत बस.” एवढं सगळं करून पीक हाती आलं, आणि आता आकाशातून दगड. कशासाठी, असं मी बसमध्ये मोठ्याने म्हणाले असावे, कारण त्या मुलीने माझ्याकडे बघून फोन दुसऱ्या कानाला लावला.

खरं तर टोमॅटो गेले असते तर माझं काय जाणार होतं? मी ते वाटूनच टाकत असे. सहा वर्षं गच्चीवर पिकवते आहे आणि सहा वर्षं सगळं ताजं ताजं वाटून टाकते आहे: जिन्यातली माणसं, प्रयोगशाळा, नवऱ्याच्या दुकानासमोरचा चांभार. लोक म्हणतात, बाईंचा हात सढळ. सढळ कसला, घाबरट. घरात ठेवायचं धाडस नाही म्हणून वाटते. माझ्या स्वयंपाकघरात मी स्वतः करून साठवलेली एकही वस्तू कधी नव्हती. सुकवलेली शेंग नाही, मुरवलेलं लिंबू नाही, काही नाही. सगळं ताईकडून यायचं, नाहीतर दुकानातून. आणि याचं कारण मी लग्नानंतर नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं आणि तो हसला होता, म्हणून पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. आमच्या मागच्या अंगणात तेव्हा टोमॅटो व्हायचे आणि वर्षातून एक दिवस बरण्या भरण्याचा असायचा. आई टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलायची, ताई कुस्करून बरण्यांत भरायची, मग झाकण घट्ट लावून बरण्या मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात उकळायच्या. उष्णतेने आतले जंतू मरतात, झाकण आत ओढलं जातं आणि वर्षभर आतल्याला काही होत नाही. त्या वर्षी पहिल्यांदा मला कामात घेतलं. बरण्यांची तोंडं पुसायची आणि झाकणं लावायची. मी केवढी मिरवले होते! शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं. तीन आठवड्यांनी झाकणं फुगली. आतून फेस आला, आंबूस वास सगळ्या घरात भरला, एक बरणी तर दुपारी सगळी जेवत असताना फुटली. सतराच्या सतरा बरण्या गेल्या, उरलेल्या आईने मोरीत रिकाम्या केल्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. जमिनीवर बसली, पदराने तोंड पुसलं आणि ताईला अगदी साध्या आवाजात, पाऊस पडतोय असं सांगावं तशी म्हणाली, “हिच्या हातचं टिकत नाही.” पुढच्या वर्षी बरण्यांच्या दिवशी मला बाहेरच्या खोलीत पुस्तक देऊन बसवलं आणि दार लोटून घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी आपणहून जाऊन बसले. तशी मी अभ्यासात हुशार झाले, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दाराआडून वाफेचा वास यायचा, ताई आणि आई कशाला तरी हसायच्या आणि मी जीवशास्त्राचं पुस्तक पाठ करायची.

असली वाक्यं माणूस विसरतो म्हणतात. मी विसरले नाही, उलट पुरावे गोळा करत गेले. माझ्या हातचं दही नासलं, पुरावा. जिवलग मैत्रिणीने बोलणं टाकलं, पुरावा. लग्नानंतर दोनदा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यापुढे गेलं नाही. दुसऱ्या वेळी दवाखान्यातल्या पलंगावर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आई पायाशी बसून माझे तळवे चोळत होती, तोंडातून एक अक्षर काढत नव्हती, आणि मला ते वाक्य तिच्याच आवाजात स्वच्छ ऐकू आलं. मी जंतुशास्त्र शिकलेली बाई आहे. हाताने काही टिकत नाही आणि हाताने काही नासत नाही हे मला ठाऊक आहे, मी ते नवीन मुलांना शिकवते. पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं. डोकं सगळं मान्य करतं आणि हात बरणीकडे जात नाही, त्याला कोण काय करणार?

गच्चीवर पोचले तेव्हा गारा थांबल्या होत्या आणि ऊन पडलं होतं, निर्लज्ज, लख्ख ऊन. नवरा मधोमध उभा होता, दुकान बंद करून आलेला, आणि त्याच्या हातातली छत्री एका रोपावर धरलेली होती. छत्रीला चार भोकं पडली होती. “एकच वाचवता आलं,” तो म्हणाला, “कुठलं वाचवावं कळेना, म्हणून जवळचं धरलं.” मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. पानं चाळणीसारखी झाली होती, काठ्या आडव्या, फांद्या मोडून सालीवर लोंबत होत्या. पण टोमॅटो! फुटलेले, चिरलेले, एका गालावर मार बसलेले, पण दांड्याला धरून होते. चिंगूस माणसाने नाणं धरावं तसे धरून होते. आम्ही संध्याकाळपर्यंत खुडत होतो. लाल वेगळे, गुलाबी वेगळे, हिरवे वेगळे. हिरवे कागदात गुंडाळून खोक्यात घातले की सावकाश पिकतात, त्यांची चिंता नव्हती. लाल चौदा किलो भरले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, टेबलावर, खुर्च्यांवर टोमॅटोच टोमॅटो, आणि चिरांमधून रस गळायला लागलेला. चिरलेला टोमॅटो दोन दिवस काढत नाही. नवऱ्याने विचारलं, “पिशव्या आणू? वाटायला?” मी म्हटलं, “फुटके टोमॅटो कोणाच्या दारात नेऊन देणार?” त्याने गळणाऱ्या रसाखाली ताटली सरकवली. साडेतीन महिने, मावा, माशी, अळी, उकाडा, गारा, एवढ्या सगळ्यांच्या तावडीतून जे सुटलं ते आता माझ्या हाताच्या भीतीने कचऱ्यात घालायचं? मला एकदम संताप आला. कोणाचा ते कळेना. आईचा, माझा, त्या बसमधल्या मुलीचासुद्धा. “बरण्या घेऊन या,” मी म्हणाले. “काचेच्या, पत्र्याच्या झाकणाच्या, अर्ध्या लिटरच्या. वीस.” नवऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पण या वेळी हसला नाही. चपला घालून खाली गेला.

शनिवारी सकाळी सातला सुरुवात केली. मार लागलेला भाग कापून टाकायचा, उरलेल्याला उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात, की साल हातात सुटून येते. तो सुटण्याचा स्पर्श मला आवडला, तापातून उठलेल्या माणसाचा गरम कपडा उतरवावा तसा. कुस्करलेल्या टोमॅटोला उकळी आणली, प्रत्येक बरणीत आधी लिंबाचा रस घातला. आंबटपणा पुरेसा असला की सगळ्यात वाईट जंतूला आत डोकं वर काढता येत नाही. प्रयोगशाळेतून आणलेल्या कागदी पट्ट्यांनी मी तो मोजलाही, एकदा नाही, प्रत्येक बरणीसाठी. नवरा म्हणाला, “पुरे, तो टोमॅटो आहे, आरोपी नाही.” पातेल्याच्या तळाशी फडकं अंथरलं, त्यावर बरण्या उभ्या केल्या, बरण्या बुडून वर बोटभर पाणी. नवऱ्याने गुडघ्यावर पालथं ठेवलेलं घड्याळ उलटलं. “पस्तीस मिनिटं म्हणजे पस्तीस,” तो म्हणाला. “तुमच्या घरी किती वेळ ठेवायच्या?” मी सांगितलं की आमच्याकडे घड्याळ नव्हतं, रेडिओ होता. बातम्या सुरू झाल्या की पातेलं आचेवर चढायचं आणि बातम्यांनंतरची दोन गाणी संपली की उतरायचं. “म्हणजे वीस-बावीस मिनिटं,” तो म्हणाला. “त्यात होत होतं?” होत होतं की. दरवर्षी होत होतं, बरण्याच एवढ्याएवढ्याशा असायच्या, असं म्हणत मी दुसऱ्या खेपेची बरणी भरून उचलली, आणि उचलल्यावर तशीच थांबले. ती माझ्या एका हातात मावत होती. एका हाताने बरणी धरून दुसऱ्याने मी तोंड पुसत होते. आणि त्या वर्षी, अकराव्या वर्षी, मला हे जमलं नव्हतं. मला आठवलं, डोक्याला नाही, दंडांना आठवलं. त्या वर्षीच्या बरण्या मी मांडीत धरून पुसल्या होत्या. पातेल्याशी नेताना दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेल्या होत्या आणि फ्रॉक पुढून भिजला होता. ताई ओरडली होती, पाडशील. कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान बंद झालं होतं आणि आईने त्याच्या मोठ्या बरण्या आणल्या होत्या, दीड-दोन लिटरच्या, आनंदाने, की आता काम लवकर उरकेल. मोठी बरणी! आणि बातम्या तेवढ्याच, गाणी दोनच. बातम्या काही मोठ्या बरणीसाठी लांबत नाहीत. कडेचं उकळलं असेल, मधलं कोमट राहिलं असेल, आणि मधल्या कोमटात काय होतं ते मी एकतीस वर्षं रोज बशीत बघते आहे. एवढं साधं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, आणि मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी बरणी ओट्यावर ठेवली. “माझा काही संबंध नव्हता,” मी म्हणाले. नवऱ्याला काही कळलं नाही, तो घड्याळाकडे बघत होता. “कशाशी?” “कशाशीच,” मी म्हणाले आणि मला एकदम हलकं वाटलं. मग रागही आला, चांगला सणसणीत. एका बातमीपत्रापायी चाळीस वर्षं!

दुपारी तीनपर्यंत एकोणीस बरण्या टेबलावर जाड टॉवेलवर उभ्या होत्या. थंड होताना आतली हवा आक्रसते आणि झाकणाचा मधला भाग टक् करून खाली बसतो, तो बसला की समजायचं, बरणी बंद झाली. आम्ही दोघं खुर्च्या टाकून समोर बसलो, नाटकाला बसावं तसे. पहिलं टक् झालं तेव्हा मी दचकले. मग दुसरं, तिसरं, मग दोन एकदम. नवरा एका झाकणावर बोट ठेवून बघायला गेला, मी त्याच्या हातावर चापट मारली. चहा झाला, दुसरा चहा झाला, सतरा टक् झाले, अठरावंही झालं, एकोणिसावं होईना. नवरा म्हणाला, “ती खाऊन टाकू उद्या.” मी म्हटलं, “थांबा.” आणि खरंच ते झालं, मी भांडी घासत असताना, पाण्याच्या आवाजात, आणि तरी आम्हाला दोघांना ऐकू आलं. मी साबणाचे हात तसेच वर करून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. बावन्नाव्या वर्षी बाई गिरकी घेते तेव्हा काही ना काही पडतं. चमच्यांचं स्टँड पडलं.

आता इथे कोणालाही वाटेल की झालं, जिंकली. पण मला खोड आहे. बरण्या फळीवर लागल्या आणि तिसऱ्याच दिवशी मला वाटायला लागलं की झाकण बसलं म्हणजे आतलं चांगलं आहे याला पुरावा काय? आई त्या वर्षी अशीच निर्धास्त होती. म्हणून एक बरणी प्रयोगशाळेत नेली, उघडली, नमुना बशीत पसरला, उबेत ठेवला. दोन दिवसांनी बशी कोरी. एकही ठिपका नाही. कोरी बशी बघून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, माझ्या आलं. पण ही एकच झाली. पहिल्या खेपेतली. दुसऱ्या खेपेचं काय? पुढच्या आठवड्यात दोन नेल्या. कोऱ्या. मग ती एकोणिसावी, उशिरा बसलेली, तिच्यावर माझा संशय होताच. कोरी. मग तिच्या शेजारच्या तीन. पंधरा दिवसांत फळीवर बारा उरल्या. उघडलेल्या बरण्या आम्ही अर्थात खात होतो, टायपिस्ट बाईंनी एक नेली, पण मी खाल्लेल्याची चव घेतच नव्हते, मी निकाल खात होते. शेवटी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात माझी कोरी बशी होती. “बाई, कितवी?” “सातवी, सर.” “किती आहेत?” “होत्या एकोणीस.” ते बशी उजेडात धरून बराच वेळ बघत होते, जणू काही त्यांना तिच्यात काही दिसत होतं. मग म्हणाले, “सगळ्या तपासा. एकही सोडू नका. शंभर टक्के खात्री होईल, आणि घरी झाकणं उरतील.” त्यांनी बशी ठेवली, दोन पावलं गेले आणि परत आले. “टिकलं की नाही हे बघायला ते ठेवावं लागतं हो. रोज उपटून मूळ बघितलं तर रोप कसं वाढायचं?” ही म्हण असावी किंवा त्यांनी तिथेच तयार केली असावी. मी चिडले, कारण ते बरोबर होते. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय हा मूर्खपणा दुसरं कोणी करणार नाही: चांगलं आहे हे सिद्ध करता करता चांगलं संपवायचं. त्या दिवशी घरी जाऊन मी बाराही बरण्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या, फळीला पडदा लावला आणि नवऱ्याला सांगितलं, मी मागितली तरी द्यायची नाही.

ठेवणं अवघड गेलं. पहिला आठवडा तर फारच, कारण त्या वर्षी झाकणं तीन आठवड्यांनी फुगली होती. मी पडद्याला हात लावत नसे, पण वास घेत असे. कामावरून आले की दाराशीच थांबून आधी नाकाने घर तपासायचं. बरण्या भरल्याच्या तेविसाव्या दिवशी दुपारी जेवताना आम्ही दोघंही उगाच हळू बोलत होतो. काही फुटलं नाही. मग उन्हाळा लागला, आणि तो असा लागला की गच्चीवरची गारांतून वाचलेली रोपं उभ्या उभ्या वाळली. घेवड्याच्या शेंगा मात्र मी त्याच उन्हात वाळवून दाणे डब्यात भरले, मिरच्या दोरीवर ओवून टांगल्या. एकदा भीड चेपली की माणूस थांबत नाही. बाजारात टोमॅटो म्हणजे फिकट, पिठूळ, कापला तर आत पांढरा. लोक भाजीवाल्याशी भांडत होते. मी भांडणाऱ्यांच्या शेजारून रिकामी पिशवी हलवत जायची आणि मला जो आनंद व्हायचा तो फार सज्जनपणाचा नव्हता.

चौथ्या महिन्यात ताईच्या घरी फरशी बदलायचं काम निघालं आणि दहा दिवसांसाठी आई माझ्याकडे आली. आई त्र्याऐंशीची आहे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट, पण जेवण पाखराएवढं. ताई तिला सोडायला आली आणि जेवायला थांबली. मी पडदा सरकवला, एक बरणी काढली, त्या दोघींच्या देखत झाकण उचकटलं. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि वास आला, त्या शनिवारचा, जसाच्या तसा. चौदा किलो टोमॅटो, गारा, लख्ख ऊन, सगळं त्या वासात होतं. कांदा परतून त्यात ते गरम केलं, मीठ, मिरी, शेजारी पाव. आईने वाटीत पाव बुडवला, खाल्ला, आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.” मग म्हणाली, “या दिवसांत असा टोमॅटो कुठे मिळाला?”

“माझा आहे. चार महिन्यांपूर्वी भरलेला.”

“तू भरलास?” आईने वाटीतून वर पाहिलं.

“मीच भरला. तू म्हणायचीस ना, हिच्या हातचं टिकत नाही?”

“मी? कधी?”

चाळीस वर्षं मी या प्रसंगाची तयारी करत होते आणि तिने विचारलं, कधी. ताईने सांगितलं, “अगं, त्या सतरा बरण्या नाही का फसल्या?” आई आठवत राहिली, मग हात उडवला. “बोलले असेन. माझ्या तोंडाला कुठे कुंपण आहे? तू ते धरून बसलीस?” मला वाटलं होतं असं काही झालं तर मी गप्प बसेन, मोठ्या मनाने. मी काही मोठ्या मनाची नाही. मी सगळं सांगितलं, निकालपत्र वाचावं तसं, एकामागून एक. मिठाईवाल्याच्या बरण्या, रेडिओवरच्या बातम्या, कडेचं उकळलेलं आणि मधलं कोमट, मांडीत धरून पुसलेल्या बरण्या, भिजलेला फ्रॉक, लोटलेलं दार. आणि मग, सांगायचं नव्हतं तेही, दवाखान्यातली ती दुपार. नवरा उठून उगाच पाणी आणायला गेला.

“ते मी म्हणाले नव्हते,” आई हळू म्हणाली. “तेव्हा मी काहीच म्हणाले नव्हते.”

“नव्हतीस. पण मला ऐकू आलं.”

आईने चमचा वाटीत ठेवला. तिच्या हनुवटीची कातडी हलत होती, मला वाटलं रडेल, आणि मला ते नको होतं. पण ती रडली नाही. ती ताईकडे वळली. “तू म्हणाली होतीस गं,” ती म्हणाली. “पातेलं उतरवताना. बरणी मधे उकळलेली दिसत नाही म्हणालीस. मी म्हटलं, तुला काय कळतंय.” ताईने मान हलवली, तिला आठवत नव्हतं. आई माझ्याकडे वळली. “मग चूक माझीच होती.”

“हो,” मी म्हणाले.

“पोरीवर ढकलली.”

“हो.”

“वाईट केलं,” आई म्हणाली. मग तिने वाटी पुढे केली. “वाढ. आणि मीठ दे इकडे.” मी वाढलं. तिने ते संपवलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. ताई माझ्याकडे बघायला लागली, कारण आई दुसऱ्यांदा काही मागते हे तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा तिने मागितलं तेव्हा बरणी संपली होती, म्हणून मी दुसरी उघडली. त्या दिवशी मी बरणीवर बरणी उघडू शकले असते. मला कोणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, मला फक्त भूक लागली होती, आणि मी पहिल्यांदा त्याची चव घेतली. फार चांगली होती. मीठ थोडं कमी होतं.

दहा दिवसांनी आई निघाली. तिने पडद्यामागे जाऊन स्वतः निवडून चार बरण्या घेतल्या, उजेडात धरून, झाकणं दाबून, आणि मला म्हणाली की हिरव्यांचं काय केलं होतंस, पुढच्या वेळी तेही भर. मी खाली टॅक्सीपर्यंत गेले, तिला मागच्या सीटवर बसवलं, पिशवी शेजारी ठेवली. चालकाने गाडी सुरू केली तशा बरण्या एकमेकींवर किणकिणल्या. त्याने मागे वळून विचारलं, “आजी, काचेचं सामान आहे का? सांभाळून नेतो.”

“टोमॅटो आहेत,” आई म्हणाली. “धाकटीने केलेत. वर्षभर बघायला नको, काही होत नाही.”

“वा! मग एक आम्हाला द्या की.”

“नाही,” आई म्हणाली, आणि पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.